ट्रेलरवरच्या बोटीचा तळ: हतनूर बॅकवॉटरच्या एका फायबर बोटीचं पूर्ण प्रकरण

ह्या बोटीच्या तळाचा रंग का सुटला, तळाला फोड का आले आणि आम्ही ते कसं दुरुस्त केलं ते सांगतो. आधी बोटीची माहिती देतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बोट १६ फुटी, फायबरची, रुंदी साडेपाच फूट, मागे २५ हॉर्सपॉवरचं मशीन. राहते मुक्ताईनगर तालुक्यात, आमच्या केळीच्या पॅकहाऊसच्या शेडमध्ये, ट्रेलरवर. पाण्यात जाते हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, चांगदेवच्या बाजूला जिथे तापी आणि पूर्णा एकत्र येतात त्या पट्ट्यात. आबा म्हणजे माझे काका, ते बरीच वर्षं मच्छीमार सोसायटीत आहेत, त्यांच्यासाठीच ही बोट घेतली, जाळ्यांवर जायला, मत्स्यबीज सोडायला, आणि थंडीत चक्रवाक आणि बाकीची बदकं बघायला जी मंडळी येतात त्यांनाही फिरवून आणतो.

बोट पाण्यात बांधून का ठेवत नाही असं बरेच जण विचारतात. तर वर बुऱ्हाणपूरकडं किंवा पूर्णेच्या खोऱ्यात पावसाने जोर धरला की हतनूरचे दरवाजे उघडतात, ४१ दरवाजे आहेत, आणि पाणी एका रात्रीत इतकं खालीवर होतं की बांधलेली बोट सकाळी गाळात आडवी पडलेली मिळते नाहीतर दोर तोडून गेलेली असते. म्हणून दिवसाचं काम झालं की संध्याकाळी ट्रॅक्टरने ओढून घरी. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर ही बोट ५०-६० दिवस ओली होते, बाकी सगळा काळ ट्रेलरवर. हे लक्षात ठेवा कारण सगळं प्रकरण ह्याच एका गोष्टीवर फिरतं, आणि मला ते समजायला दोन वर्षं लागली.

बोट कोकणातून सेकंडहँड आणली होती. तिथे ती खाडीत कायम पाण्यात बांधलेली असायची, तळाला लाल रंग होता. हात लावला की हाताला लाल पावडर यायची, ट्रेलरच्या पट्ट्या लाल, आबांचं धोतर लाल. आम्हाला वाटलं रंग जुना झाला म्हणून सुटतोय. खरं तर तो रंग सुटण्यासाठीच बनवलेला असतो. त्याला अँटीफाउलिंग म्हणतात, त्यात बहुतेक वेळा तांब्याचं ऑक्साईड असतं, आणि बोट पाण्यात चालली की वरचा थर हळूहळू झिजत जातो आणि खालून ताजं तांबं उघडं पडतं, त्यामुळे शिंपले, शेवाळ, समुद्रातली चिकटणारी जीवजंतू तळावर घर करत नाहीत. समुद्रात महिनोन्महिने उभ्या असलेल्या बोटीला हे लागतंच. पण आमची बोट गोड्या पाण्यात जाते, संध्याकाळी बाहेर येते, तिच्यावर चिकटणार कोण? हिरवट चिकट थर येतो तेवढा, तो गोणपाटाने पुसला की जातो. उलट ते तांबं माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना चांगलं नाही, आणि हतनूरचं पाणी लोक पितात, त्यातच मत्स्यबीज सोडायचं आणि त्याच पाण्यात तांबं झिजवायचं हे मला पटत नाही.

पण तेव्हा एवढं माहीत नव्हतं.

पहिला प्रयत्न, जो फसला

फेब्रुवारीत ठरवलं की तळ रंगवून टाकू. आमच्या भागात बोट रंगवणारा कोण मिळणार, म्हणून गाड्यांचं डेंट-पेंट करणाऱ्या एका पेंटरभाऊंना बोलावलं. माणूस कामाचा पक्का, गाडीचं बोनेट आरशासारखं करतो, त्याला मी नावं ठेवणार नाही कारण त्याला मी सांगितलं तेच त्याने केलं. बोट ट्रेलरवरच होती, तो खाली झोपून पाठीवर काम करत होता. वरवर पॉलिश पेपर मारला, जिथे खड्डे होते तिथे गाडीची पुट्टी भरली, एक हात प्रायमर, त्यावर दोन हात पीयू (पॉलियुरेथेन, गाड्यांना मारतात तो चकचकीत रंग), मस्त निळा. ट्रेलरच्या दोन लांब लाकडी पट्ट्या, ज्यांच्यावर बोट टेकते, त्यांच्या आजूबाजूला मास्किंग टेप लावली आणि पट्ट्यांखालचा भाग तसाच सोडला. मी विचारलं तर म्हणाला, भाऊ तिथे कोणाला दिसणारे.

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात घातली आणि दिवाळीपर्यंत निळा रंग पापडासारखा निघायला लागला. अक्षरशः तळहाताएवढे पोपडे, आणि त्यांच्या मागच्या बाजूला बघितलं तर लाल. म्हणजे निळा रंग लाल रंगाला घट्ट चिकटला होता, लाल रंगच खालून सुटला. भुसभुशीत मातीवर कितीही चांगलं प्लास्टर केलं तरी भिंत राहत नाही, तेच झालं.

आणखी दोन चुका त्यात होत्या ज्या मला नंतर कळल्या. एक, गाडीची पुट्टी पॉलिस्टरची असते, त्यात शंखजिऱ्यासारखी भुकटी असते, ती पाणी ओढते, गाडीवर पाऊस पडून वाळून जातो म्हणून तिथे चालते, पाण्याखाली ती फुगते. दुसरी, गाडीचा पीयू हा उन्हाला आणि पावसाला मजबूत, पण कायम भिजत राहणाऱ्या जागी तो फोड धरतो. ट्रेलरची बोट कायम भिजत नाही म्हणून वाटतं चालेल. तिथेच गोम आहे, ते पुढे सांगतो.

पट्ट्यांखाली काय सापडलं

पुढच्या वर्षी महाशिवरात्रीची यात्रा झाली आणि बोट पाण्यातून काढली. ह्यावेळी मी ठरवलं होतं की आधी पूर्ण तळ बघायचा, इंच न् इंच, मगच रंगाचा विषय. त्यासाठी बोट ट्रेलरवरून उतरवणं भाग होतं. दोन रस्ते होते. एक म्हणजे जॅक आणि घोड्या लावून बोट उचलायची आणि खाली घुसून काम करायचं. दुसरा म्हणजे बोट सरळ पालथी घालायची. मोठी बोट असती तर पहिलाच रस्ता, पण मशीन काढलं, बॅटरी, टाकी, सगळं काढलं तर आमची बोट ३०० किलोच्या आतबाहेर. मला जॅकवर टेकवलेल्या बोटीखाली माणूस घालायची भीतीच वाटते, जॅक घसरला तर विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून पालथी घालायचं ठरलं.

आठ जण लागले. जमिनीवर ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब आणि जुन्या गोण्या अंथरल्या, शेडच्या गर्डरला चेनपुली होती तिला रुंद पट्टा लावून एक बाजू उचलली आणि बाकीच्यांनी हाताने सावरत कुशीवर आणि मग पालथी. पट्टा रुंदच घ्या, दोर नको, दोर कडेला कापतो. पालथी घातल्यावर मधल्या पोकळीतून दीड-दोन बादल्या गढूळ पाणी बाहेर आलं, जे मागचा प्लग काढूनही कधी निघालं नव्हतं. एवढं वजन आम्ही दोन वर्षं ओढत होतो.

आणि मग तळ बघितला. मधला भाग, जिथे वारा लागतो, तिथे लाल-निळे पोपडे सोडले तर फायबर बऱ्यापैकी धड. पण जिथे ट्रेलरच्या दोन पट्ट्या टेकतात तिथे दोन सरळ रेषांमध्ये फोडच फोड, मटारापासून ते रुपयाच्या नाण्याएवढे. मी पेन्सिलने गोल करत मोजले. डावीकडे ४३, उजवीकडे ६१, आणि बाकी सगळ्या तळावर मिळून ९. आबा उभे होते, ते म्हणाले, "पाण्याने खराब झाली म्हणतोस, मग पाणी तर सगळीकडे लागी राह्यलं ना रे भो, ह्या दोनच लायनी कशा?"

बरोबर प्रश्न होता आणि उत्तर ट्रेलरवर होतं. पट्ट्यांवर गालिचा ठोकलेला होता, बोटीला ओरखडे पडू नयेत म्हणून. तो मी उचकटला. खाली लाकूड काळं पडून मऊ झालेलं, नख रुतत होतं, आणि गालिच्याच्या केसांमध्ये हतनूरचा बारीक गाळ, चहाच्या चोथ्यासारखा, ओला. बोट काढून १२ दिवस झाले होते, मार्च महिना, दुपारी ३८ डिग्री, आणि तरीही तो पिळला तर हाताला पाणी. म्हणजे आम्ही समजत होतो बोट ५०-६० दिवस ओली होते. पण ते दोन पट्टे सीझनभर एक दिवसही सुकत नव्हते. बाकीचा तळ ट्रेलरवर होता आणि ते दोन पट्टे जणू कायम पाण्यातच होते, आणि तेही अशा जागी जिथे आम्ही रंगसुद्धा दिला नव्हता.

फोड का येतात ते थोडक्यात सांगतो. फायबरच्या बोटीला बाहेरून जेलकोटचा गुळगुळीत थर असतो. आपल्याला वाटतं त्यातून पाणी जात नाही, पण वाफेच्या रूपात ते अगदी सावकाश आत शिरतं. आत फायबरच्या थरात बारीक पोकळ्या असतात, तिथे नीट न पिकलेल्या रेझिनमधली, म्हणजे फायबरचे धागे जोडणाऱ्या रसायनातली, विरघळणारी द्रव्यं असतात, ती पाण्यात उतरतात आणि घट्ट पाक तयार होतो. मग मनुका पाण्यात टाकल्यावर जशा फुगतात तसं बाहेरचं पाणी त्या पाकाकडे ओढलं जातं, दाब वाढतो आणि जेलकोट वर उचलला जातो. कोकणात कायम पाण्यात राहून बोटीत ओल आधीच भरलेली असणार, आमच्याकडे आल्यावर बाकीचा तळ खान्देशच्या कोरड्या हवेत सुकत गेला, पट्ट्यांखालचा सुकलाच नाही.

खरवडणं

आबांचं म्हणणं होतं डांबर मारी दे, आमच्या लाकडी होड्यांना पिढ्यान् पिढ्या डांबरच. लाकडी होडीला ते ठीक आहे. फायबरला डांबर मारलं तर आपल्या मे महिन्यात ते मऊ होऊन ट्रेलरला चिकटणार, आणि नंतर कधी दुसरा रंग द्यायचा म्हटलं तर डांबर खालून वर झिरपतं, काहीच धरत नाही. हे समजावल्यावर आबा लगेच मान्य झाले आणि पुढचे चारही दिवस खरवडायला माझ्याबरोबर होते.

खरवडताना एक गोष्ट मी कळकळीने सांगतो, लाल अँटीफाउलिंग कोरडं घासू नका. त्याची धूळ विषारी असते. आणि बोट किती जुनी आहे हे माहीत नसेल तर आणखी जपा, कारण पूर्वीच्या अशा रंगांमध्ये कथिलाची संयुगं, टीबीटी, असायची. ती इतकी घातक की जगभरात त्यांच्यावर बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. आम्ही सगळं ओलं करून खरवडलं, खाली ताडपत्री, तोंडाला कार्ट्रिजवाला मास्क, नुसता रुमाल नाही. रंग खरवडायच्या पत्तीचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करून घेतले, नाहीतर कोपरा रुततो आणि जेलकोटला चरे पडतात. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, पाण्याबरोबर, हाताने. फॅब्रिकेशनवाला भाऊ ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून आला होता, म्हणाला दोन तासात मोकळं करतो. एका तळहाताएवढ्या जागेत पांढरं फायबर दिसायला लागलं तेव्हा मी थांबवलं. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो, ग्राइंडरला ते कळत नाही. रंग काढायचं केमिकलही नको, गाडीचं पेंट रिमूव्हर जेलकोट मऊ करतं.

ताडपत्रीवर जमलेला लाल चिखल वाळवून झाकणाच्या ड्रममध्ये भरला. तो उकिरड्यावर किंवा नाल्यात गेला असता तर पहिल्या पावसात तापीतच आला असता.

मग फोड उघडले. ड्रिलला शंकूसारखं बिट लावून एकेक. डोळ्याला गॉगल पाहिजेच, कारण पहिल्याच फोडातून पाणी पिचकारीसारखं उडालं. वास सिरक्यासारखा आंबूस, बोटावर घेतलं तर तुपासारखं चिकट. पुतणीच्या शाळेच्या किटमध्ये लिटमस पेपर होते, निळा कागद टेकवला आणि तो लाल झाला. पावसाचं साधं पाणी झिरपून आलं असतं तर वास आणि चिकटपणा आला नसता, त्यामुळे हा तोच पाक आहे ह्याबद्दल माझी खात्री पटली.

वाळवण

इथे आपल्या भागाचा मोठा फायदा आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अशी बोट वाळवायला महिनेच्या महिने लागतात, काही लोक हीटर लावतात. आमच्याकडे एप्रिल आणि मे, दुपारी ४२ ते ४५ डिग्री आणि हवा इतकी कोरडी की धुतलेलं धोतर पिळायची गरज नाही. बोट पालथी, तळ आकाशाकडे, उघड्या अंगणात. पण नुसतं ऊन देऊन भागत नाही. आतला पाक पाण्यात विरघळणारा असतो, पाणी उडून गेलं तरी तो मागे राहतो आणि पुन्हा ओल मिळाली की पुन्हा ओढायला लागतो. म्हणून केळी धुवायच्या पंपाने, फवारणीच्या नाही, आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी प्रत्येक खड्डा गोड्या पाण्याने जोरात धुवायचा आणि दुसऱ्या दिवसापासून परत ऊन. सुरुवातीला धुतल्यावरही खड्ड्यात बोट फिरवलं की चिकट लागायचं, तिसऱ्या आठवड्यात ते बंद झालं. मग धुणं थांबवलं आणि फक्त ऊन.

सुकलं की नाही हे बघायला ओल मोजायचं मीटर असतं, आमच्याकडे नव्हतं. साधी पद्धत वापरली, फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने पक्कं चिकटवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, आतून धुकं किंवा थेंब दिसले तर अजून ओल आहे. पहिल्या वेळी दोन्ही पट्ट्यांवर थेंब ओघळत होते. एप्रिलच्या शेवटी फक्त धुकं. १४ मेला सगळीकडे कोरडं, फक्त डाव्या पट्टीच्या मागच्या टोकाला, मशीनच्या बाजूला, फिकट धुकं होतं. तिथे फायबर जाड आहे, थर जास्त आहेत, त्यामुळे उशीर लागतो. आणखी दहा-बारा दिवस द्यायला पाहिजे होते. पण रावेरकडे वादळाने केळी आडवी झाल्याची बातमी आली, आमच्याकडेही वळवाचे ढग जमत होते, एक पाऊस पडला असता तर सगळं वाळवण मुसळ केरात, म्हणून मी बोट शेडमध्ये घेतली आणि रंगाला सुरुवात केली. हा निर्णय माझा, त्याचं काय झालं ते शेवटी आहे.

रंग

रंग निवडला दोन भागांचा इपॉक्सी, म्हणजे रंग आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर आयत्या वेळी कालवायचा असा, पाण्याखाली चालणारा, आणि वर अँटीफाउलिंग काहीच नाही. इपॉक्सीतून ओल फार कमी जाते आणि कायम भिजलेल्या जागी तो पीयूपेक्षा टिकतो. त्याची एक उणीव म्हणजे उन्हात तो खडूसारखा पांढुरका पडतो, पण ट्रेलरवर तळ सावलीतच असतो. पाण्याच्या वरचा, दिसणारा भाग वेगळा, तिथे पीयूच पाहिजे.

किती लागेल ह्याचा हिशोब असा केला. लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.८५, म्हणजे १६ × ५.५ × ०.८५, साधारण ७५ चौरस फूट, म्हणजे ७ चौरस मीटर. डब्यावर घन भाग, म्हणजे सुकल्यावर मागे उरतो तो, ५० टक्के लिहिला होता. त्याला १० ने गुणायचं आणि सुकल्यावर जेवढा थर पाहिजे तेवढ्या मायक्रॉनने (मिलिमीटरचा हजारावा भाग) भागायचं. मला एका हातात १०० मायक्रॉन पाहिजे होते, म्हणजे ५०० भागिले १००, एक लिटर ५ चौरस मीटरला. ७ मीटरला १.४ लिटर, तीन हातांना ४.२, रोलर आणि ट्रेमध्ये वाया जातं ते धरून ५ लिटर. तीन हातात ३०० मायक्रॉन. पेंटरभाऊंच्या सवयीने पातळ ओढला असता तर तेवढ्याच रंगात सहा हात झाले असते आणि आपल्याला वाटलं असतं की खूप रंग दिला. मोजायचा असतो थर, हात नाही.

हो, पेंटरभाऊ परत आले होते. मीच बोलावलं, कारण रोलर आणि पॉलिश पेपरला त्यांचा हात माझ्यापेक्षा दहा पट चांगला आहे, आणि ते स्वतःहून म्हणाले की गेल्या वेळचं माझ्या मनाला लागून राहिलंय.

घासायच्या आधी थिनरने पुसायचं, नंतर नाही. तळावर मेण किंवा तेलकटपणा असेल आणि आपण आधी घासलं तर तो घासताना आत दाबला जातो. दोन फडकी घ्यायची, एक थिनरचं, आणि ते उडून जायच्या आत लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं, नाहीतर तेल फक्त इकडून तिकडे फिरतं. मग पाणी शिंपडून बघायचं, पाणी पसरून बसलं तर स्वच्छ, थेंब होऊन पळालं तर परत पुसायचं. आमचं पुढच्या टोकाला तीनदा पुसावं लागलं.

खड्ड्यांना आधी पातळ इपॉक्सी ब्रशने लावला आणि तो चिकट असतानाच इपॉक्सीची पुट्टी भरली. मग लांब फळीला पॉलिश पेपर लावून सपाट केलं. पहिल्या दिवशी एक चूक झाली. मी सकाळी आठला एक लिटर रंग बादलीत कालवला, डब्यावर वापरायची मुदत एक तास होती. वीस मिनिटांत बादली हाताला भाजायला लागली, धूर आला आणि आतला रंग दगड झाला. ती मुदत २५ डिग्रीची असते, दर १० डिग्रीला ती साधारण निम्मी होते, आणि बादलीत ढीग करून ठेवला तर रंग स्वतःच्या उष्णतेने आणखी तापतो. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला सुरुवात, पाव-पाव लिटर, कालवला की लगेच पसरट ट्रेमध्ये. आणि प्रमाण आकारमानाने लिहिलंय की वजनाने ते नीट वाचा, आमचं आकारमानाने होतं आणि आम्ही आधी वजनकाटा काढून बसलो होतो. हातमोजे काढू नका, हार्डनरची अॅलर्जी एकदा बसली की आयुष्यभर जात नाही.

तीन हात, करडा, पांढरा, करडा. रंग आलटून पालटून दिला कारण पांढऱ्यावर करडा मारताना कुठे राहिलं ते लगेच दिसतं, आणि पुढे कधी घासला गेला तर पांढरं दिसलं म्हणजे समजायचं की एक थर गेला. पहिल्या हातावर अंगठा दाबून बघायचा, ठसा उमटतो पण अंगठ्याला रंग लागत नाही, त्या वेळी दुसरा हात. आमच्या उन्हात ही वेळ फार लवकर येते आणि निघूनही जाते. दुसरा आणि तिसरा हात ह्यांच्यामध्ये एक दिवस गेला, तेव्हा वर बोट फिरवलं तर मेणकट लागलं. हार्डनर आणि हवेतली ओल ह्यांनी तो थर येतो, थिनरने जात नाही, पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने जातो. धुतलं, परत घासलं, मगच तिसरा.

ट्रेलर

रंग पिकायला सात दिवस सोडले आणि तेवढ्यात ट्रेलर. माझ्या मते ह्या सगळ्या कामात रंगापेक्षा हेच महत्त्वाचं होतं. गालिचा कायमचा काढला. नवीन सागाच्या पट्ट्या, त्यांच्यावर जाड पांढऱ्या एचडीपीई प्लास्टिकचे फूट-फूट लांबीचे तुकडे, मध्ये दीड-दीड इंच फट, म्हणजे पाणी आणि गाळ खाली पडतो आणि वारा फिरतो. स्क्रू स्टीलचे आणि डोकी प्लास्टिकमध्ये खोल बसवलेली. मागच्या टोकाला पट्टी बोटीच्या शेवटापर्यंत पोचते ना हे बघा, मशीनचं सगळं वजन तिथे येतं, पट्टी आखूड असेल तर तळाला बाक येतो.

एक सावधगिरी, प्लास्टिक फार घसरतं. गालिच्यावर बोट चिकटून बसायची, आता पुढचा हुक उतारावर सोडला की बोट सरळ खाली जाते. चांगदेवला पहिल्याच दिवशी आबांनी जुन्या सवयीने पाणी लागायच्या आधी हुक सोडायला हात घातला होता, मी ओरडलो म्हणून थांबले. आता नियम आहे, मागची बाजू पाण्यात तरंगल्याशिवाय हुकाला हात नाही.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून, पुढचा जॅक वर करून प्लग काढायचा, आणि एकेक बाजू इंचभर उचलून, कडेला जाड फायबरखाली लाकडी ठोकळा देऊन, जुन्या सुती लुगड्याची लांब पट्टी दोघांनी दोन टोकं धरून ट्रेलरची पट्टी आणि बोटीचा तळ ह्यांच्यामधून ओढायची, ताक घुसळतो तशी. दहा मिनिटांचं काम आहे. काकू ते सगळ्यात मन लावून करतात.

आता काय स्थिती आहे

ऑक्टोबरात बोट पाण्यात गेली. चार महिन्यांत तळावर शेवाळाचा पातळ थर येत राहिला, गोणपाटाने जात राहिला. पोपडा एकही नाही. घाटाजवळ खडकाला घासून दोन ठिकाणी पांढरं दिसतंय, म्हणजे वरचा करडा गेला, तिथे थोडं घासून हात मारून घेणार. ह्यावेळी महाशिवरात्रीनंतर परत आठ जण बोलावून बोट पालथी घातली, कारण पट्ट्यांखाली बघितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. उजवी पट्टी पूर्ण स्वच्छ. डावी पट्टी स्वच्छ, फक्त मागच्या टोकाला, मशीनच्या बाजूला, जिथे १४ मेला धुकं होतं तिथेच, मटाराएवढे तीन फोड. पेंटरभाऊंनी त्यांच्याभोवती पेन्सिलने गोल केलेत आणि बाजूला तारीख लिहिली आहे. बोट अंगणात पालथी आहे, एप्रिलमध्ये ते तीन उघडायचे, धुवायचे, आणि त्या टोकावरचं प्लास्टिक दोन सकाळी लागोपाठ कोरडं निघेपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही, ढग आले तर वर ताडपत्री टाकायची, असं आबांशी बोलून ठेवलंय.